शॉकअप कडक करण्याआधी

नमस्कार मंडळी. आजचं बोलणं फक्त मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या जोडीवर. मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं सायनपर्यंत रोज येणाऱ्याला काय म्हणायचंय ते लगेच कळेल.

गॅरेजमधली तक्रार ठरलेली असते: ब्रेक मारला की गाडी पुढून बसते, शॉकअप कडक करून द्या. उपायही ठरलेला: पातळ तेल काढा, जाड भरा. हा उपाय मला मुळीच पटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून ढकललं जातं. फोर्क दुप्पट वेगानं दबला, तर तेलाचा विरोध जवळजवळ चौपट होतो. ब्रेकवर फोर्क त्या मानानं सावकाश बसतो, पण पेव्हर ब्लॉकची कड लागली की झटक्यात दबतो. म्हणजे जाड तेल जिथं नको तिथं सगळ्यात जास्त अडवतं, आणि तो दणका थेट मनगटात येतो. शिवाय ब्रेक धरून ठेवलात तर फोर्क शेवटी तेवढाच बसणार, फक्त थोडा उशिरा. लागोपाठ खड्डे आले तर जाड तेलामुळे तो वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि टायर रस्ता सोडतो.

भार पेलते ती स्प्रिंग. म्हणून आधी सॅग मोजा, म्हणजे तुम्ही बसल्यावर फोर्क किती दबतो ते. फोर्कच्या चकचकीत नळीवर केबल टाय बांधा. नेहमीचं जॅकेट, सॅक घालून गाडीवर बसा. मित्राला टाय खाली डस्ट सीलला, म्हणजे नळी जिथं आत शिरते तिथल्या रबरी कडेला, टेकवायला सांगा. मग उतरून पुढचं चाक अधांतरी होईपर्यंत गाडी उचला आणि सील ते टाय अंतर मोजा. फोर्कची चाल, म्हणजे तो एकूण जितका दबू शकतो ते अंतर, 130 मिमी असेल तर 33 ते 43 मिमीच्या आत असावं. जास्त आलं तर स्प्रिंगवर स्पेसर घालून प्रीलोड (स्प्रिंगवर आधीपासूनचा दाब) वाढवता येतो, पण त्यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. भरपूर प्रीलोड देऊनही सॅग जास्तच राहिला, तर स्प्रिंगच बदलायला हवी.

सॅग बरोबर आणि तरी मोठ्या खड्ड्यात फोर्क तळाला आपटतो? मग तेलाच्या वरची हवा बघा. ही हवा दबत जाते तशी स्वतःच स्प्रिंग होते. फोर्कच्या दोन्ही पायांत तेलाची पातळी सारखीच, पाच-पाच मिमीनं वाढवा. चालीचा फक्त शेवटचा भाग कडक होईल. हाव केलीत तर ऑइल सील फुटेल.

वळणात हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे वाटतं, ते दुखणं वेगळं. तिथं नळ्यांचा पीळ असतो. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास 10% वाढवला, तर वाकण्याला विरोध सुमारे एक तृतीयांशानं वाढतो, म्हणून मोठ्या गाड्यांचे फोर्क जाड असतात. आपल्याला नळ्या बदलायच्या नाहीत. आधी बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) तपासा, मग चाक बसवण्याची पद्धत. ॲक्सलचा नट आवळा, फोर्कच्या पायात ॲक्सल आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट मात्र ढिला ठेवा. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरा, फोर्क चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. मगच तो बोल्ट आवळा. पंक्चरवाल्याकडे ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि मग फोर्क घासत चालतो. नवीन तेल घेण्याआधी हे एकदा करून बघा. खर्च काहीच नाही.