कप कोणाच्या अंगणात?

[दादर. पहाट. लाल मातीचं कोर्ट, पाण्याचा पाइप.]

उजाडायच्या आत कोर्टाला पाणी पाजावं लागतं. ऊन चढलं की ही माती भुसभुशीत होते, आणि मग चेंडू कसाही उडतो. आधी ब्रश ओढून काल संध्याकाळच्या बुटांच्या खुणा मिटवायच्या, मग पाणी, मग रोलर. चुना सगळ्यात शेवटी. मार्करकाका दोरी ताणतात, उकिडवे बसतात आणि रेघ मारत मारत मागे सरकतात. त्यांचा हात बघा. एकदाही उचलला जात नाही.

[लोकल. लेडीज डबा.]

ही आपली खेळाडू. वय वर्षं बारा. ठाण्याहून पहाटेची स्लो. किट वर रॅकवर, दप्तर पायात, रॅकेट मांडीवर. जुनी ग्रिप सोलून नवी गुंडाळणं चाललंय. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर जरासा चढवत. मुंबईच्या घामात ग्रिप फार दिवस टिकत नाही, त्यामुळे हे काम ती झोपेतही करू शकेल. शेजारच्या काकू भाजी निवडायची थांबवून बघतायत.

टेनिस म्हटलं की काय आठवतं, असं आम्ही तिला विचारलं. विम्बल्डन म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, बालेवाडी.

[नकाशा. लंडनवर एक ठिपका.]

पुण्याच्या बालेवाडीपर्यंत पोचायला बिली जीन किंग कपाला, म्हणजे महिला टेनिसमधल्या देशोदेशींच्या सांघिक स्पर्धेला, ६२ वर्षं लागली. महिलांचा आंतरराष्ट्रीय सांघिक चषक असावा, ही कल्पना अमेरिकेच्या हेझल हॉचकिस वाइटमन यांनी १९१९ मध्ये मांडली होती. पुरुषांचा डेव्हिस कप तेव्हा एकोणीस वर्षांचा झाला होता. बायकांना १९६३ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. लंडनचं क्वीन्स क्लब, सोळा देश, स्पर्धेचं नाव फेडरेशन कप. बक्षिसाची रक्कम शून्य, आणि खर्च ज्याचा त्याने करायचा. जिंकलेल्या अमेरिकेच्या संघात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, बिली जीन मॉफिट. लग्नानंतर ती किंग झाली. २०२० पासून हा कप तिच्याच नावाने खेळला जातो.

तेव्हाची रीत साधी होती. एक शहर, एक आठवडा, सगळे देश तिथेच. पण देश वाढत गेले आणि एवढ्या संघांना पुरतील इतकी कोर्टं एका जागी आणायची कुठून, हा प्रश्न उभा राहिला. १९९५ मध्ये रीत बदलली. वरच्या फळीतले देश आता एकमेकांच्या घरी जाऊन खेळू लागले. चेक संघाने प्रागमध्ये आपल्या माणसांसमोर कप उचलला, तोही एकदा नव्हे, अनेकदा. २०१९ ची फायनल ऑस्ट्रेलियाने पर्थला घरच्या प्रेक्षकांत खेळली आणि फ्रान्सकडून ३-२ अशी हरली. त्यानंतर फायनल पुन्हा एका शहरात बांधली गेली. प्राग, ग्लासगो, सेव्हिल, मालागा, शेंझेन. यजमान शहराला आठवडाभर टेनिस मिळतं, हे खरं. पण कॅनडा २०२३ ला पहिल्यांदा जिंकली ती स्पेनमध्ये. टोरोंटोच्या एखाद्या शाळकरी मुलीने तो क्षण टीव्हीवर पाहिला. आमच्या मते हे मोठं नुकसान आहे, आणि ते कुठल्याही हिशोबात दिसत नाही.

[जुना मुंबईचा जिमखाना. रिकाम्या खुर्च्या.]

मुंबईला हे वेगळं सांगायला नको. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री, लीला राव, याच शहरातली. वर्ष १९३४. पुढे निरुपमा मांकड यांनी देशातलं महिला टेनिस गाजवलं, तेव्हा भारताचा संघ या कपात उतरतच नव्हता. आपण पहिल्यांदा खेळलो १९९१ मध्ये. खेळाडू होत्या. त्यांना उतरायला दार नव्हतं.

[कोच कोर्टावर उकिडवे बसलेले. रॅकेटचा दांडा ओल्या मातीत.]

कोचसर समजावतायत ते नीट बघा. मातीत पाच रेघा, म्हणजे दोन देशांच्या एका लढतीतले पाच सामने. चार एकेरी, एक दुहेरी. ही १९९५ नंतरची वरच्या गटांची पद्धत. दुहेरी शेवटी. पहिल्या तीन एकेरी एकाच देशाने जिंकल्या तर निकाल तिथेच लागतो.

आता हाताने दोन रेघा पुसल्या. उरल्या तीन. दोन एकेरी, एक दुहेरी. १९६३ ची मूळ पद्धत हीच, आणि आता फायनललाही हीच आहे. मुली पुढे सरकल्या बघा. एक-एक बरोबरी झाली की सगळी लढत त्या तिसऱ्या रेघेवर.

२०२४ ला मालागात हेच झालं. सेमीफायनलमध्ये पोलंडच्या इगा श्वियांतेकने बरोबरी साधली, आणि इटलीला फायनलमध्ये नेलं ते जास्मिन पाओलिनी आणि सारा एरानीच्या दुहेरीने. एरानी तेव्हा ३७ वर्षांची होती. एकेरीत पहिल्या दहात कुणी नसलेल्या देशाला ही तिसरी रेघ जीव देते. आपल्याकडे दुहेरी पिकते. बार्शीची प्रार्थना ठोंबरे त्याच पिकातली.

[बालेवाडी. एप्रिल २०२५. स्टँड.]

हे ते पाच दिवस. आशिया-ओशनिया गट, सहा देश, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, रोज तीन लढती. आपली खेळाडू आईबरोबर सकाळच्या बसने आली. डोक्यावर ओढणी, हातात कैरी, डोळे कोर्टावर. भारताची श्रीवल्ली भामिडीपती सर्व्हला उभी राहते, तेव्हा चेंडू किती उंच जातो ते ही मुलगी मान वर करून मोजतेय. श्रीवल्लीने पाचही एकेरी जिंकल्या. भारत दुसरा आला आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे वरच्या पात्रता फेरीत जागा मिळवायच्या लढतींत, गेला.

२०२१ लाही आपण प्लेऑफ खेळलो होतो. तेव्हा पद्धत एका देशाने दुसऱ्याच्या घरी जायची. आपल्याला लॅटव्हियात जावं लागलं आणि १-३ असं हरलो. २०२५ ला तीन-तीन देशांचे गट झाले, आणि आपला गट बेंगळुरूला भरला. नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया आपल्या दारात आले.

दोन्ही लढती आपण हरलो.

[दादर. संध्याकाळ. दिवे लागलेत.]

कोचसरांनी आज एकेरी बंद ठेवली. चार मुली, एक कोर्ट. सकाळची चुन्याची रेघ आता अर्धी विस्कटली आहे. आपली खेळाडू जाळीपाशी वाकून उभी, एक हात पाठीमागे. मागची मुलगी त्या बोटांकडे बघतेय. पंजा उघडला तर सरकायचं, मूठ मिटली तर जागेवर थांबायचं.

पंजा उघडला. परत मिटला. मागची मुलगी चेंडू दोनदा आपटते.