गो चं वेन्ट कसं काय झालं?

इंग्लिश मीडियमला जाणारं चार वर्षांचं पोरगं घरी येऊन सांगतं, "आय गोड टू स्कूल", आपण हसतो आणि म्हणतो अरे गोड नाही रे, वेन्ट. पण खरं सांगू का, पोरगं लॉजिकनेच बोलतंय. प्ले चं प्लेड, शो चं शोड, मग गो चं गोड का नाही? आणि हे वेन्ट आलं कुठून, त्यात तर ग पण नाही!

तर वेन्ट मुळात गो चं नाहीच, ते दुसऱ्याच घरचं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जाणे म्हणजे 'गान', आणि त्याचा भूतकाळ 'एओदे', म्हणजे जोडी तेव्हाही विजोडच. शेजारी वेन्ड नावाचं वेगळं क्रियापद नांदत होतं, अर्थ वळणे, वाट धरणे. सेन्डचं सेन्ट होतं तसं वेन्डचं वेन्ट. हळूहळू लोक 'गेला' म्हणायला हेच वापरायला लागले आणि साधारण 15व्या शतकापर्यंत एओदेची सद्दी संपलीच. स्कॉटलंडवाल्यांनी मात्र गो लाच शेपूट जोडून 'गेड' केलं, आपल्या पोरासारखंच की! आणि वेन्डचा भूतकाळ गो ने पळवला तो पळवलाच, बिचाऱ्याला नवा 'वेन्डेड' करून घ्यावा लागला.

आता हसण्याआधी जरा आपल्या घरात बघू. जातो, जाईन, जाऊ दे... आणि मग एकदम गेला? 'जाला' का नाही? कारण आपलीही तीच भानगड. जा आलं संस्कृत 'या' धातूवरून, य चा ज झाला, यात्रेची जत्रा झाली ना तसंच. आणि गेला आलं 'गत' वरून, म्हणजे धातू गम्.

खरी गंमत पुढे आहे. या गम् चा इंग्रजीतला भाऊबंद कोण? ग ऐकून सगळे गो म्हणतात, मीही म्हणायचो. पण तो आहे कम! हो, कम म्हणजे ये. दोघांचं मूळ एकच, हजारो वर्षांपूर्वीच्या इंडो-युरोपियन भाषेतला पाऊल टाकण्याचा धातू, आता त्याच पावलाला आपल्याकडे जाणं म्हणायला लागले आणि तिकडे येणं, म्हणजे आपण ज्याला गेला म्हणतो तो नात्याने तिकडे आलेला.

बाकी ते पोरगं उद्या "बाबा कम्ड" म्हणणार आहे, तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही बघा.