शेवटचा मार्च एंड

(मागचं अंगण, सकाळ. निळं प्लास्टिकचं पिंप. एक सुरकुतलेला हात कागदांचा गठ्ठा पाण्याखाली दाबून धरतोय.)

या पिंपात भिजतंय ते भाताचं बियाणं नव्हे. फॉर्म सोळा आहेत, पासबुकांच्या झेरॉक्स, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, पॅनकार्डांच्या नकला. वाई आणि आसपासच्या गावांतल्या दोनेकशे घरांची कमाई इथं दोन दिवस भिजेल, मग काठीनं ढवळली जाईल आणि तिसऱ्या दिवशी तिचा करडा लगदा होईल. जांभळे शिक्के आधी सुटतात. निळ्या शाईची सही त्यानंतर. लेसर प्रिंटरचं काळं अक्षर मात्र हट्टी. कागद विरघळला तरी ते बोटांना चिकटून राहतं.

"रद्दीवाल्याला का नाही देत?" मी विचारलं. मी ज्यांची फिल्म करत होतो ते काका, वाईतले कर सल्लागार, आपलं दुकान आवरत होते. त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. कुठल्याशा एसटी स्टँडवर भजी घेतली, तर तो कागद कुणाच्या तरी बँक खात्याचा उतारा निघाला. शिल्लक रकमेवर तेल पसरलं होतं आणि आकडे जास्तच ठळक झाले होते. "आपल्या पक्षकाराचा नव्हता," काका म्हणाले, "पण कुणाचा तरी होताच की."

(गाळ्याचं शटर. पाटीवर 'कर सल्लागार', खाली पुसट झालेलं 'विक्रीकर'.)

गाव त्यांना वकीलसाहेब म्हणतं. वकिलीची सनद त्यांच्याकडे कधीच नव्हती. बी.कॉम. झाले, साताऱ्यात एका सल्लागाराकडे पाच वर्षं खर्डेघाशी केली आणि 1984 साली वाईत हा गाळा भाड्यानं घेतला. आमच्याकडे कराची कामं करणारा माणूस आपोआप 'वकील' होतो, त्याला इलाज नाही. मी मात्र त्यांना काका म्हणतो, कारण बी.कॉम.ला असताना मी सलग तीन जुलै महिने याच गाळ्यात काढले, आणि काकू रोज चार वाजता जो चहा द्यायच्या त्यात आलं जरा जास्तच असायचं.

सुरुवातीला निम्मं काम विक्रीकराचं होतं. हळदीचे व्यापारी, किराणा, भांड्याची दुकानं. मुंबई विक्रीकर कायदा 1959 चा होता. 1 एप्रिल 2005 ला त्याच्या जागी व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी. पाटी रंगवायला पेंटर दोनदा आला, तिसऱ्यांदा काकांनी बोलावलंच नाही.

आयकराचं काम तेव्हा कागदावर चाले. भरलेली रिटर्नं पिशवीत घालून पहिल्या एसटीनं सातारा, खिडकीपाशी रांग आणि हातात पोच घेऊन संध्याकाळी परत. 2007 साली नवे फॉर्म आले आणि सोबत कागद जोडायची पद्धतच बंद झाली. काकांना त्या रात्री म्हणे झोप लागली नाही. पावती जोडायची नाही, तर साहेबाला कळणार कसं?

मी आलो तोवर ऑनलाइन सुरू झालं होतं. 2013 पासून पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ऑनलाइनच भरायची सक्ती झाली. पण भरून झालं म्हणजे संपलं असं नव्हे. एक पानाची पोच छापायची, तिच्यावर पक्षकाराची निळ्या शाईत सही घ्यायची, बारकोडवर घडी पडू द्यायची नाही, टाचणी लावायची नाही, आणि ती साध्या टपालानं किंवा स्पीड पोस्टानं बेंगळुरूला पाठवायची. कुरिअर चालत नसे. 120 दिवसांत पोचली नाही, तर भरलेलं रिटर्न भरलंच नाही असं धरत. माझं काम ते होतं. वाईच्या पोस्टात मला सगळे ओळखायचे. आषाढातल्या पावसात शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चाळीस पाकिटं घेऊन मी गेलोय, आणि एकही ओलं होऊ दिलं नाही. याचा मला आजही जरा अभिमान आहे.

(जुनी वही. पानावर नावं, पुढे जन्मतारखा.)

ही काकूंची वही. हिच्यात प्रत्येकाची जन्मतारीख आहे. आयकर खात्याकडून येणारी सूचना उघडायची तर पासवर्ड लागतो: आधी पॅन, छोट्या लिपीत, त्याला जोडून जन्मतारीख. नीट पाहा. 1 जून. 1 जून. पुन्हा 1 जून. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी जी तारीख ठोकून दिली, तीच आधारवर गेली, तीच पॅनवर. म्हणून या वहीत साठी-सत्तरीतल्या निम्म्या लोकांचा पासवर्ड शून्य एक शून्य सहावर येतो आणि पुढे फक्त साल बदलतं. सरकारनं सुरक्षेसाठी केलेली ही योजना एका पिढीच्या मास्तरांनी आधीच मोडून ठेवली होती.

पक्षकार कोण? पाचगणीच्या निवासी शाळांतले शिक्षक. जावळीतले, वाईतले, मुंबईला माथाडीत असलेले लोक. ते बावधनच्या बगाडाच्या यात्रेला गावी येत. ती असते रंगपंचमीला, आणि रंगपंचमी येते मार्चात, म्हणजे देवदर्शन आणि टॅक्सचं काम एकाच सुट्टीत. आणि महाबळेश्वरकडचे स्ट्रॉबेरीवाले. त्यांच्याशी काकांचे वाद ऐकण्यासारखे असत.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, एवढं प्रत्येकाला पाठ असतं. स्ट्रॉबेरी विकली, माफ. स्ट्रॉबेरीची रोपं तयार करून विकली, तरी माफ, रोपवाटिका कायद्यानं शेतीतच धरली आहे. पण त्याच स्ट्रॉबेरीचा जॅम केला की धंदा सुरू झाला. आणि शेतात दोन खोल्या बांधून पर्यटकांना दिल्या, तर ते भाडं शेतीचं नाही. भिलारकडचे एक आप्पा हे कधीच मान्य करत नसत. "जमीन शेतीची, घर शेतात, मी शेतकरी. मग भाडंच तेवढं बिगरशेती कसं काय हो वकीलसाहेब?" काका म्हणत, "आप्पा, पाव्हणा उगवून येत नाही. पाव्हणा मोटारीनं येतो." आप्पा हसत, कर भरत आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन येत.

फी? तो विषय काकू काढायच्या, काका नाही. तीनशे, पाचशे, दिवाळीला देतो. कुणी इंद्रायणीची पिशवी ठेवून जाई. मला विचाराल तर यात मोठेपणा कमी आणि भिडस्तपणा जास्त होता. गाळ्याचं भाडं तांदळानं भागत नाही.

चूकही झाली. एका निवृत्त गुरुजींना सातव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली. अशी मागच्या वर्षांची रक्कम एकदम हातात आली की करात सवलत मागता येते, पण त्यासाठी रिटर्नच्या आधी 10ई नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. काकांनी सवलत धरली, फॉर्म राहिला. मागणीची नोटीस आली, अकरा हजारांच्या घरात. गुरुजी घाबरून गाळ्यात येऊन बसले. काकांनी त्यांना घरी पाठवलं आणि चलन स्वतःच्या खात्यातून भरलं. ही गोष्ट मला काकूंनी सांगितली. कॅमेऱ्यासमोर काका फक्त एवढंच म्हणाले, "10ई आधी. हे लिहून घ्या."

(कॅलेंडर. दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेभोवती लाल गोल.)

थकवलं ते जीएसटीनं. आयकराचा सीझन वर्षातून एकदा येतो. जुलैत जेवण विसरायचं, ऑगस्टमध्ये कोकणात जाऊन यायचं. जीएसटीत महिन्याच्या अकराला विक्रीचा तपशील, वीसला कराचं रिटर्न, आणि एकवीसला पुन्हा पुढची बिलं गोळा करायला सुरुवात. आवरायचं ठरलं तेव्हा काकांनी पहिल्यांदा हेच सोडलं. पूर्वी त्यांच्याकडे टायपिंगला असलेली मुलगी आता स्वतः जीएसटीची कामं करते. दुकानदार तिच्याकडे गेले.

बाकीच्या फायली विकत घ्यायलाही लोक आले होते. फाईलमागे अमुक रुपये, असा हिशेब. काका नाही म्हणाले. "फाईल माझी नाही, विकू काय?" मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. बेचाळीस वर्षांच्या ओळखीला काही किंमत असतेच, आणि ती घेण्यात लाज कसली? पण त्यांनी एकेकाला फोन करून विचारलं, तुम्हाला कुणाकडे जायचंय. बहुतेकांचं उत्तर एकच: तुम्ही सांगाल तिथं.

काहींनी वेगळंच विचारलं. बारा लाखांपर्यंत माफ झालंय ना, मग रिटर्न कशाला? काका प्रत्येकाला समजावत राहिले. माफ कर झालाय, रिटर्न नाही. नव्या पद्धतीत चार लाखांच्या वर गेलात की रिटर्न भरायचंच.

गाळ्यात चार ढीग झाले. परत द्यायच्या फायली. दुसऱ्या सल्लागाराकडे जायच्या. पिंपात जायच्या, म्हणजे ज्यांची सांभाळायची मुदत केव्हाच उलटली त्या. आणि चौथा ढीग, नावाआधी 'कै.' लिहिलेला. माणूस गेला तरी त्या वर्षाचं रिटर्न वारसाला भरावं लागतं, म्हणून हा ढीग कधी पूर्ण मिटत नाही. तो काकूंनी स्वतः बांधला. पोरांना बोलावून एकेक हातात दिला.

पण खरी अडचण कागदांची नव्हतीच. ती काकांच्या फोनमध्ये होती.

झालं होतं असं, की ऑनलाइन खातं उघडताना ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याचा नंबर काय घालायचा? काकांचा. ई-मेल? तोही काकांनीच काढून दिलेला. असं करत दीडशेच्या आसपास खाती एका फोनला लोंबकळत राहिली. या माणसानं दुकान बंद केलं की दीडशे घरांच्या किल्ल्या त्याच्या खिशात राहणार. तेव्हा फेब्रुवारीत बसून एकेक नंबर बदलायचं ठरलं.

(टेबल. काका, समोर एक आजी, लॅपटॉप, मध्ये स्पीकरवर ठेवलेला फोन.)

या आजींचा मुलगा भोसरीत कंपनीत आहे. नवा नंबर त्याचा. ओटीपी त्याच्या फोनवर गेला. पण शिफ्ट सुरू असताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पंधरा मिनिटं गेली, ओटीपी बाद. साडेतीनला शिफ्ट सुटली, पुन्हा पाठवला. आता ई-मेलवरचा ओटीपी सापडेना. आजी मध्येच म्हणाल्या, "राहू द्या की वकीलसाहेब, तुमचाच नंबर. तुम्ही कुठं चाललाय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आजी, मी अडुसष्ट वर्षांचा आहे." आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं.

दिवसाला पाच-सहा खाती व्हायची. कधी दोनच.

शेवटचा दिवस 31 मार्च 2026 ठरला होता. तारीख मुद्दाम निवडली होती की काय, काका सांगत नाहीत. पण त्याच दिवशी 1961 चा आयकर कायदाही आपली जागा सोडत होता. 1 एप्रिलपासून 2025 चा नवा कायदा. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. गुंतवणुकीवर सवलत देणारं, एटी-सी म्हणून घराघरात माहीत असलेलं कलम आता 123. जुन्या वर्षाची रिटर्नं अजून जुन्याच कायद्यानं भरली जाणार, म्हणजे कायदा गेला तरी त्याचे दिवस घालायचे बाकीच आहेत. ते काम आता दुसरे करतील. नव्या कायद्याचं पुस्तक मात्र काकांनी विकत आणलंय. "वाचायला," म्हणाले. कव्हरही घातलंय, ब्राऊन पेपरचं.

(शटर खाली येतं. कुलूप. काका किल्ली गाळामालकाच्या हातात देतात. मागे कृष्णेच्या घाटाकडे जाणारा रस्ता.)

हार-तुरे नव्हते. शेजारच्या स्टेशनरीवाल्यानं पेढे दिले, आणि त्याचंही रिटर्न राहिलं होतं हे तेव्हा कळलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी राहिलेली दृश्यं घ्यायला पुन्हा गेलो. अंगणातलं पिंप धुऊन उपडं ठेवलं होतं. लगदा काकूंनी नारळाच्या आळ्यात घातला होता. आम्ही पायरीवर बसून बोलत होतो, इतक्यात काकांच्या फोनवर मेसेज वाजला. सहा आकडे. पाठोपाठ फोन. कुणीतरी पासवर्ड विसरलं होतं.

"वकीलसाहेब, आला का हो?"

म्हणजे एक खातं राहून गेलं होतं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, आकडे दोन-दोन करून सावकाश सांगितले, समोरच्याकडून परत म्हणवून घेतले. मग काकूंना हाक मारली, "अगं, ती वही आण गं जरा."