पळायला लागायचंय? मग आधी सावकाश पळा

नमस्कार मंडळी. या वेळेला तुमच्याकडे चहा उकळत असेल नाहीतर डबे भरायची गडबड चालू असेल, तर कामं चालू द्या, मी बोलते तुम्ही ऐका. आज जॉगिंगबद्दल बोलायचंय, आणि तेही शाळेतल्या शर्यतीनंतर जे कधी पळालेच नाहीत त्यांच्याशी. म्हणजे वजन वाढलंय, दोन जिने चढले की धाप लागते, शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणालेत जरा हालचाल करा, आणि आता मनाने घेतलंय की पळायचंच, अशा सगळ्यांशी.

मी साताऱ्याची. आमच्याकडे पहाटे कुठल्याही ग्राऊंडवर जा, भरतीची पोरं-पोरी दिसणारच. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचं असतं, वेळेवर मार्क असतात, त्यामुळे ती जीव तोडून पळतात आणि त्यांनी तसंच पळायला पाहिजे, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. पण होतं काय, चाळिशीतला एखादा नवीन माणूस ग्राऊंडवर येतो, आजूबाजूला ही पोरं सुसाट चाललेली बघतो आणि नकळत तोही तसाच सुटतो. अर्धा राऊंड होत नाही तोवर गुडघ्यांवर हात ठेवून उभा, चेहरा लालबुंद, कुशीत कळ. दोन दिवस असं झालं की तो घरी सांगतो, पळणं काय आपल्याला जमत नाही. मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण त्याला पळणं जमत नाही असं नसतंच, त्या वेगाने पळणं जमत नाही, आणि तो वेग त्याला हवाय कशाला?

मग किती सावकाश पळायचं? पळता पळता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. सोबत कोणी असेल तर गप्पा मारा, एकटे असाल तर आपला पूर्ण पत्ता पिनकोडसकट मोठ्याने म्हणून बघा. मध्ये तीनदा श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, कमी करा. कमी करून चालण्याएवढा झाला तरी चालेल, शेजारून एखादे काका चालत पुढे निघून गेले तरी चालेल, खरंच काही बिघडत नाही. मोठे मोठे धावपटूसुद्धा आठवड्यातलं बरंचसं पळणं आरामातच करतात, जोरात पळायचे दिवस त्यांचे मोजकेच असतात.

आता कोणी म्हणेल, मला दम टिकतोय, मग का नको जोरात? कारण अंगातलं सगळं एकाच वेळी तयार होत नाही. हृदय आणि फुफ्फुसं लवकर शिकतात, दोन-चार आठवड्यांत फरक कळतो. पण हाडं, टाचेमागची शीर, नडगीभोवतीचे स्नायू यांना कित्येक महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर पडतो, सत्तर किलोचा माणूस असेल तर 140 ते 210 किलो, आणि मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात. म्हणून खरी भीती पहिल्या आठवड्याची नसते, तिसऱ्या-चौथ्याची असते, तेव्हा दम वाढलेला असतो, उत्साह आलेला असतो, माणूस एकदम दुप्पट पळतो आणि नडगी दुखायला लागते. नडगीवर बोट फिरवून बघा, पूर्ण पट्टा दुखत असेल तर काही दिवस पळणं बंद ठेवून चाला, पण एकाच जागी बोट ठेवल्यावर सणकन कळ आली तर डॉक्टरांना दाखवा, तिथे हाडाला बारीक चीर असू शकते.

ही सावकाश पळायची पद्धत आजची नाही बरं का. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड म्हणून कोच होते, ऑलिम्पिक मेडल जिंकणारी पोरं त्यांनी तयार केली, पण त्याच माणसाने ऑकलंडमध्ये मध्यमवयीन माणसांना, हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनासुद्धा, हळूहळू पळायला लावलं. 1962 मध्ये अमेरिकेतले मोठे कोच बिल बॉवरमन तिकडे गेले, तेच ज्यांनी पुढे नाइकी कंपनी सुरू करण्यात भाग घेतला, आणि पन्नाशीच्या या कोचला त्या ग्रुपबरोबर पळवेना. सत्तरी ओलांडलेला, हार्ट अटॅक येऊन गेलेला एक माणूस त्यांच्यासाठी मागे राहून त्यांच्या वेगाने पळाला. बॉवरमननी परत जाऊन अमेरिकेत जॉगिंग सुरू केलं, गावातल्या साध्यासुध्या लोकांसाठी. म्हणजे जॉगिंगचा जन्मच मुळी सावकाश पळणाऱ्यांसाठी झालाय, हे मला फार आवडतं.

आता प्रत्यक्ष करायचं काय. आधी पाच मिनिटं भरभर चाला. मग एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला, परत एक मिनिट पळा, असं वीस मिनिटं. हा झाला पहिला आठवडा, पुढे पळणं हळूहळू वाढवत न्यायचं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, आणि त्या सुट्टीला आळस समजू नका, पाय त्याच दिवशी बळकट होत असतात. 1996 मध्ये जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला, इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेचं त्यावर ॲपही आहे, आणि शेवटच्या आठवड्यात लोक न थांबता अर्धा तास पळतात. तुम्हाला नऊच्या जागी पंधरा आठवडे लागले तर लागू द्यात.

घड्याळात बघत पळायचा कंटाळा येत असेल तर रस्त्यावरचे विजेचे खांब धरा, एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. आमच्याकडे सकाळी एक अंगणवाडीताई येतात, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, त्या असंच करतात. सुरुवातीला त्यांच्या पावलांचा आवाज लांबूनच यायचा, थाड थाड, कारण लांब ढांगा टाकून पाय पुढे आपटत होत्या. त्यांना एवढंच सांगितलं की पाऊल छोटं टाका, पाय आपल्या अंगाखालीच पडला पाहिजे, आणि आपला आवाज आपणच ऐका. थोड्या दिवसांत आवाज गेला आणि गुडघ्याची कुरकुरही गेली. तुम्हीपण आवाज ऐका, कानात गाणी नंतर घाला, तशीही रस्त्यावर मागून येणारी गाडी ऐकू आलेली बरी.

गुडघ्यावरून आठवलं, पळालं की गुडघे जातात असं प्रत्येक घरात कोणीतरी सांगतंच. पण शौकिया पळणाऱ्यांची आणि अजिबात न पळणाऱ्यांची तुलना करून बघितली तेव्हा गुडघ्या-खुब्याची झीज न पळणाऱ्यांतच जास्त सापडली. हां, गुडघा आधीच झिजलाय असं डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा वजन खूपच जास्त असेल तर आधी काही महिने नुसतं चाला.

बूट मात्र नीट घ्या. महागच पाहिजेत असं अजिबात नाही, पण पळायचे पाहिजेत, सपाट तळाचे फॅशनचे नकोत. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. बुटातला आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर उभं राहा, पायाच्या कडा बाहेर येत असतील तर तो बूट तुमचा नाही. आणि घालून उभं राहिल्यावर बोटांच्या पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर नखं काळी पडतात. बायकांनी स्पोर्ट्स ब्रा जरूर घ्यावी, त्यात लाजायचं काही नाही, बुटाइतकीच ती गरजेची वस्तू आहे.

आणि बायकांशी थोडं वेगळं बोलायचंय. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळाल्या, दहाव्या आल्या, आपण लेकींना कौतुकाने त्यांचं नाव सांगतो. मग आपण स्वतः घराबाहेर पळायला निघालो की लोक काय म्हणतील म्हणून का थांबायचं? दोघी-तिघी मिळून जा, उजाडल्यावर जा, आणि अर्धा तास घरातल्यांनी चहा स्वतः करून घेतला तर आभाळ कोसळत नाही. कुत्रं मागे लागलं तर पळू नका, थांबा, हळूहळू चालत बाजूला व्हा.

वजनाचं खरं सांगते, नुसत्या पळण्याने ते झपाट्याने उतरत नाही. एका किलोमीटरला, एका किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने तीन किलोमीटर पळाले की दोनशे-सव्वादोनशे, आणि येताना वडापाव खाल्ला की सगळी वसूल. पण झोप सुधारते, जिना चढताना धाप लागत नाही, बीपी-शुगर ताब्यात यायला मदत होते, हे काट्यावर दिसत नाही म्हणून कमी समजू नका.

बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात अटॅक आला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. आणि हे नीट ऐका. पळताना छातीवर दडपण आलं, जबड्यात नाहीतर डाव्या हातात कळ गेली, घेरी आली, गार घाम फुटला, तर लगेच थांबा, बसा, सोबत्याला सांगा, 108 ला फोन लावा. ॲसिडिटी असेल म्हणून घरी जाऊन गोळी घेऊन पडून राहू नका, यात माणसं गेलीत हो.

सुरुवात सपाट मातीवर करा. आमच्या यवतेश्वरच्या घाटात 2012 पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, 21 किलोमीटर, आधी चढ मग उतार, ते बघून नवख्यांनी लगेच घाट धरू नये, उतारावर पाय जास्त दुखावतात. वर्षभर सपाटीवर नीट पळालात की बघू.

पावसात शेवाळावरून घसरायला होतं तेव्हा जायला जमणार नाही, गणपती येतील, लग्नसराई येईल, आठ-दहा दिवस सहज मोडतील. मोडले तर जिथे सोडलं होतं त्याच्या एक आठवडा मागून परत सुरू करा, महिना गेला असेल तर पुन्हा एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला. नमस्कार.