पहिल्या दिवसाचं वजन

(एडिसन, न्यू जर्सी. सकाळचं स्वयंपाकघर. फ्रिजचं दार उघडतं.)

दह्याच्या डब्यामागे एक चपटं खोकं आहे. आत इंजेक्शनची चार पेनं, आठवड्याला एक. हे वजन उतरवायचं औषध, वेगोव्ही. 2021 मध्ये ते अमेरिकेत आलं, तेव्हा महिन्याची किंमत ठरली 1,349 डॉलर. या घरातल्या ताई फार्मसीत 25 डॉलर देतात, बाकीचे इन्शुरन्स भरतं. अर्थात मंजुरी आहे तोवरच.

औषधाला मान्यता देताना एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, ते कुणासाठी हे ठरवून दिलं: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 30 किंवा जास्त असणाऱ्यांसाठी; किंवा 27 वा जास्त असून सोबत रक्तदाब, मधुमेह असं काही असेल तर. विमा कंपन्यांनी हीच रेघ धरली आणि तिच्यावर स्वतःच्या अटी चढवल्या. कुणी सहा महिन्यांच्या डाएट-व्यायामाची नोंद मागतं, कुणी अ‍ॅपवर नियमित वजन. या अटींवर इन्शुरन्स देतं ती पूर्वमंजुरी म्हणजे प्रायर ऑथरायझेशन. ताई नुसतं 'पीए' म्हणतात.

आपल्या लोकांची इथे एक वेगळीच अडचण होते. भारतातले डॉक्टर बीएमआय 25 लाच लठ्ठपणा म्हणतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि साखर वाढते. पुण्यात ज्याला डॉक्टर सावध करतील, तोच माणूस इथल्या फॉर्मवर बसत नाही.

(दवाखान्यातला वजनकाटा.)

ताईंची उंची 5 फूट 2 इंच. सुरुवातीला वजन 172 पौंड, बीएमआय 31.5. पीए मिळाली, सात महिन्यांची. ती संपत आली तेव्हा काट्यावर 152 होते. जिना चढताना धाप लागेनाशी झाली होती. आणि त्याच आठवड्यात पत्र आलं: बीएमआय 27.8, अट पूर्ण होत नाही, औषध नामंजूर.

ताई म्हणाल्या, "गुण आला म्हणून औषध बंद? हा कुठला न्याय?"

खरं तर त्यांच्या प्लॅनची रिन्युअलची अट वेगळी होती. सुरुवातीच्या वजनातलं किमान 5 टक्के उतरलं पाहिजे, एवढंच. पुष्कळ प्लॅनमध्ये हीच अट असते. 172 चे 5 टक्के म्हणजे जेमतेम 8.6 पौंड, आणि ताईंचे 20 उतरले होते! पण दवाखान्यातून गेलेल्या फॉर्मवर फक्त त्या दिवसाचं वजन होतं. सुरुवातीच्या वजनाचा रकाना कोरा. मग कंपनीच्या लेखी त्या नव्याच पेशंट, आणि सोबत दुसरा आजार नसलेल्या नव्या पेशंटला लागतात 30.

एका कोऱ्या रकान्यापायी माणसाचं औषध तुटावं, याचा आम्हाला राग येतो. कारण खंड पडणं साधं नाही. लागोपाठ दोनपेक्षा जास्त डोस चुकले, तर पुन्हा 0.25 मिलीग्रॅमपासून चढत जावं लागू शकतं, आणि वरच्या डोसापर्यंत पोचायला 16 आठवडे जातात. चाचणीत औषध थांबवलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं होतं.

(टेबलावर कागद. ताईंचा हात.)

नकाराचं पत्र आल्यापासून अपिलाला सहसा 180 दिवस असतात. तेही फेटाळलं, तर विमा कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. ताईंना तिथवर जावं लागलं नाही. मुलीने दवाखान्याच्या पोर्टलवरून पहिल्या भेटीची नोंद काढली. तारीख, उंची, 172. डॉक्टरांनी तीन ओळींचं पत्र जोडलं. अठरा दिवसांत मंजुरी आली. मधे दोन इंजेक्शनं चुकली.

सगळ्यांचं असं निभत नाही. प्लॅननेच औषध वगळलं, तर नोंदी कितीही चोख असोत, उपयोग नसतो. नॉर्थ कॅरोलायनाने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्लॅनमधून वजनासाठीची ही औषधं 1 एप्रिल 2024 पासून काढून टाकली. नोकरी बदलली तरी नवा इन्शुरन्स पीए पहिल्यापासून मागतो. तेव्हा जुन्या दवाखान्यातला पहिल्या दिवसाचा कागद हाताशी लागतो.

(फ्रिजचं दार बंद होतं.)

दारावर कालनिर्णय. पीए संपायच्या दीड महिना आधीच्या तारखेला लाल गोल, त्यात ताईंच्या अक्षरात: 'दवाखान्यात फोन. 172 सांगणे.'