तीन नंबरच्या संगणकामागे

नमस्कार, श्रोतेहो. ग्रंथालयातल्या संगणकावर आपण मेल बघतो, फॉर्म भरतो आणि वेळ संपली की कोपऱ्यातली फुली दाबून उठतो. फुली म्हणजे लॉगआउट नव्हे. पुन्हा सांगते, फुली म्हणजे लॉगआउट नव्हे. मागून येणाऱ्याला तुमचं खातं उघडंच मिळू शकतं.

मी ग्रंथालयात इंटरनेट विभाग सांभाळत होते, तेव्हाची गोष्ट. दोन आठवड्यांत तीन वाचकांची खाती भलत्याच कुणीतरी उघडली. तिघंही तीन नंबरच्या संगणकावर बसलेले. अँटिव्हायरस चालवला, काही निघालं नाही. शिवाय रीस्टार्ट केलं की आमच्या संगणकांवरचं आदल्या दिवशीचं सगळं पुसलं जायचं, म्हणून मी निर्धास्त. एका सकाळी फडकं मारता मारता मावशींनी हाक मारली, "ताई, बाकीच्या कीबोर्डची वायर थेट आत जाते. हिला मध्येच हे काय चिकटलंय?"

वाकून पाहिलं. वायर आणि संगणक यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा. कीलॉगर! दाबलेलं प्रत्येक अक्षर तो स्वतःच्याच मेमरीत साठवत होता. त्यामुळे अँटिव्हायरसला दिसला नाही, रीस्टार्टनं पुसला गेला नाही. ब्राउझरमध्ये मागे खुणा न ठेवणाऱ्या इन्कॉग्निटो विंडोचाही त्याच्यापुढे इलाज चालत नाही. तिघांना फोन करून घरूनच पासवर्ड बदलायला लावले. मग सगळे संगणक वळवून त्यांच्या पाठी काउंटरकडे केल्या. रोज उघडताना मागच्या वायरी आधी मावशी बघायच्या, मग मी.

गैरवापराचा विषय निघाला की लोक म्हणतात, नको त्या साइट अडवणारा कडक फिल्टर लावा. मला ते पटत नाही. नुसते शब्द बघून अडवणारा फिल्टर स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधणाऱ्या बाईलाही अडवतो, आणि ती काही काउंटरवर येऊन विचारत नाही. अमेरिकेत ग्रंथालयांतल्या फिल्टरचा कायदा २००३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला, त्यात प्रौढ वाचकाला फिल्टर काढून मागता येतो हा मोठा आधार होता. ते मागायचा धीर मात्र हवा ना!

असो. बँकेचं काम सार्वजनिक संगणकावर नकोच. उठताना लॉगआउट, डाउनलोड केलेली फाइल पुसायची, पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. आणि बसताना कीबोर्डची वायर शेवटपर्यंत हातानं चाचपा. मध्ये काही लागलं तर स्वतः उपटू नका, काउंटरवरच्या माणसाला जागेवर बोलावून दाखवा.