आयर्विनला किती फूट?

(दृश्य: सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल, भर पाऊस. पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी.)

पावसानं जोर धरला की सांगलीत चहाच्या गाड्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत एकच प्रश्न असतो. आयर्विनला किती फूट? 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. सकाळच्या पेपरातला आकडा दारात येईपर्यंत शिळा व्हायचा, आणि कितीतरी घरांना तर दारच उरलं नव्हतं. माणसं मोबाईलवर आकडा शोधत होती.

म्हणून आता इथल्या यूट्यूब चॅनेलचा वार्ताहर पुलावरून लाईव्ह येतो. कॅमेरा पट्टीवर धरतो, आधी वेळ सांगतो, मग फूट. कारण वेळ नसलेला आकडा दोन दिवस फॉरवर्ड होत राहतो आणि लोकांना उगाच घराबाहेर काढतो, नाहीतर घरातच अडकवतो.

(दृश्य: किर्लोस्करवाडी स्टेशन.)

गिऱ्हाईक असेल तिथं जाणं या जिल्ह्याला नवं नाही. याच किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनत होते, आणि 1920 साली त्याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याची खबर देता देता या अंकानं वाचकाला वाचायला काय हवं, ते ओळखलं. पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 मध्ये 'स्त्री', 1934 मध्ये 'मनोहर' आलं. माळावरच्या एका कारखान्यानं महाराष्ट्रभर वाचक जोडला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

(दृश्य: फ्लेक्स छपाईचं दुकान. मशीनमधून सरकणारा वाढदिवसाचा बोर्ड.)

जाहिरातीचं गणित मात्र कठीण झालंय. आधी पेंटर भिंती रंगवायचे. फ्लेक्स आला आणि पेंटरचा ब्रश थांबला. आता फ्लेक्सवाल्याकडेच गिऱ्हाईक विचारतं, "बोर्ड राहू दे, स्टेटसला टाकायला काही करून द्याल का?" तोच फोटो, तीच शुभेच्छुकांची रांग, फक्त मोबाईलच्या मापात. पैसे थोडे, म्हणून कामं जास्त घ्यावी लागतात.

गणपती पेठेतला दुकानदार फेसबुकवर स्वतःच ठरवतो, जाहिरात किती किलोमीटरच्या आत दिसावी. सोय मोठी आहे, नाही म्हणता येत नाही. पण पूर्वी दिवाळी अंकाला, स्थानिक पेपरला मिळणारा तो पैसा जिल्ह्यात फिरायचा, त्यावर इथल्या वार्ताहराचा पगार निघायचा. आता त्यातला बराचसा थेट बाहेर जातो. हे नुकसान दुकानदाराला दिसत नाही. गावात काही घडलं आणि लिहायला कुणीच आलं नाही, की मग दिसतं.

(दृश्य: बैलगाडी शर्यतीचं मैदान, ड्रोनमधून.)

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला आधी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहणं लागतं. तेवढं गाठलं तरी गल्लीतल्या बातम्यांवर घर चालत नाही. त्यामुळं हे चॅनेलवाले मैदानात उतरले. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडी शर्यतींचा कायदा वैध ठरवला. गट, सेमी, फायनल, सगळं लाईव्ह. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली पोरं गावची जोडी पळताना बघतात. पडद्याच्या कडेला ट्रॅक्टर शोरूम, पेंड, सराफ. इथल्याच दुकानांची जाहिरात, इथल्याच माणसाच्या हातात पैसे. त्या पैशातून कॅमेरा येतो, माईक येतो, नेटचं रिचार्ज होतं.

(दृश्य: रात्र. पूल, रेनकोटमधली एक आकृती, टॉर्चचा झोत पट्टीवर.)

आणि जुलै आला की तोच कॅमेरा, तोच माईक पुलावर असतो. "रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झालीत," असं म्हणून वार्ताहर टॉर्च पट्टीवर धरतो.